हिरव्या नकाशातली बेशरम

आता तुम्ही विषय काढलाच आहे, म्हणून सांगते. मला भर सभेत, शाळेच्या ओट्यावर, अख्ख्या गावापुढं एका बाईनं बेशरम म्हटलं. एकदा नाही, चारदा. चहा घ्या हातात. जिथं हसू येईल तिथं हसून घ्या, कारण पुढं पुढं जागा कमी होत जाते.

आधी माझी नोकरी काय ते सांगते, नाहीतर अर्धा किस्सा डोक्यावरून जाईल. उपग्रह वरून जमिनीची चित्रं काढतो, आणि मी भोपाळात टी. टी. नगरजवळच्या एका सरकारी कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून त्या चित्रांवरून खाली किती गवत उगवतं ते सांगते. हो, अशी नोकरी असते. हिरवं पान उन्हातला एक प्रकाश गिळतं आणि दुसरा, आपल्याला न दिसणारा, परत फेकतं. दोन्हींचं गणित केलं की हिरवेपणाचा एक आकडा निघतो. आकडा मोठा तर गवत जास्त, आकडा लहान तर गवत कमी. सासूबाईंना एकदा हे समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे हिरवं दिसलं की हिरवं म्हणायचं. मग यात शिकायचं काय होतं एवढं?"

मी तेव्हा रागावले होते.

आम्ही राहतो बरखेड्यात. नवरा कारखान्यात इंजिनिअर, म्हणून क्वार्टर. मी पुण्याची, सासूबाई अमरावतीकडच्या, आणि ही दोन गावं आमच्या स्वयंपाकघरात रोज एकमेकांना शालजोडीतले देत असतात. ते असू द्या.

तर शहरापासून तासा-दीड तासावर एक तळं आहे. पावसाळ्यात भरतं. दिवाळीनंतर पाणी हळूहळू मागं सरकतं, आणि उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर गवत येतं. पुढचा पाऊस येईपर्यंत आसपासच्या गावांच्या म्हशी त्या गवतावर जगतात. असं पिढ्यानपिढ्या चालू होतं. मग कुणाच्या तरी मनात आलं की तळं वाचवायला पाहिजे, आणि त्यासाठी आधी मोजायला पाहिजे की काठावर गवत किती उगवतं आणि गुरं किती उजाड करतात. काम आमच्याकडं आलं. आमच्याकडं म्हणजे भागवतसाहेबांकडं, आणि साहेबांकडं आलेलं काम म्हणजे माझं काम.

भागवतसाहेब ग्वाल्हेरचे मराठी. तीन पिढ्या तिकडंच गेल्यामुळं त्यांची मराठी हिंदीचा हात धरून चालते. माणूस वाईट नाही. फक्त त्यांची कामाची व्याख्या वेगळी. "मी तुला सांगून ठेवतो," ते म्हणाले, "नकाशा रंगीत पाहिजे आणि शिफारस एका ओळीत पाहिजे. वरचे लोक दुसरी ओळ वाचत नाहीत."

मी तीन वर्षांची चित्रं जमवली. ढग काढले, पाणी काढलं, गणितं केली, आणि नकाशा झाला. काय सांगू तुम्हाला, देखणा नकाशा. पूर्वेचा काठ, जिथं म्हशी चरतात, लालभडक. म्हणजे गवत नाहीच. आणि पश्चिमेचा काठ गर्द हिरवा. जानेवारीत हिरवा, मार्चमध्ये हिरवा, भोपाळच्या मे महिन्यात जिथं माणूस सुकतो तिथंही हिरवा. मी त्या पट्ट्याच्या प्रेमात पडले.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. वरून जे दिसलं ते खाली जाऊन, हाताला लावून बघायचं. त्याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात, म्हणजे जमिनीवरचं सत्य. मी गेले होते ना. नाही कोण म्हणतं? पण पश्चिमेच्या काठाला जायचं तर गुडघाभर चिखल, आणि ड्रायव्हर म्हणाला, जळवा आहेत. मग मी तळ्याच्या पाळीवर, बांधावर, गाडी थांबवली, काच खाली केली, दुर्बीण लावली. लांबवर हिरवं दिसलं. वहीत लिहिलं, हिरवं. जमिनीवरचं सत्य मी गाडीच्या खिडकीतून घेतलं, आणि एवढी एक गोष्ट सोडून बाकी सगळं अहवालात लिहिलं.

निष्कर्ष तर समोरच होता. म्हशींनी पूर्वेचा काठ खाऊन खाऊन उजाड केला, आणि पश्चिमेला एवढा चारा वाया चाललाय. शिफारस एका ओळीची: पूर्वेला तारेचं कुंपण घालून दोन वर्षं विश्रांती द्यावी, म्हशी पश्चिमेला न्याव्यात. साहेब इतके खूश झाले की त्यांनी स्वतः चहा मागवला.

आता मला सांगा. माणसं आयुष्यभर त्या तळ्याकाठी राहतायत. हिरवागार चारा समोर दिसतोय. आणि तरी म्हशी तिकडं जात नाहीत. का जात नाहीत? तुम्हाला पडला ना प्रश्न? बघा, तुम्हाला चहा पिता पिता पडला. मला तीन वर्षांच्या चित्रांपुढं बसून पडला नाही. अहवालात मी लिहिलं, "पारंपरिक सवयीमुळे."

जानेवारीत गावात सभा झाली. शाळेच्या भिंतीवर नकाशा लावला. लोक सतरंजीवर, साहेब खुर्चीत, फोनमध्ये डोकं घालून. मी नकाशाशेजारी उभी राहून समजावून सांगत होते. हा लाल, हा हिरवा. पूर्वेला तार येणार म्हटल्यावर कुजबूज सुरू झाली. मी पश्चिमेच्या हिरव्या पट्ट्यावर हात ठेवला आणि म्हटलं, काळजी कशाला, तुमच्या म्हशींना इथं मुबलक आहे.

तेवढ्यात मागून एक बाई उठली. पन्नाशीची, काटक, हातात म्हशी हाकायची काठी. ही गेंदाबाई. ती माणसांतून वाट काढत थेट नकाशापाशी आली.

"ये कौन सी जगह है?"

"पश्चिम का किनारा है अम्मा. सबसे ज़्यादा चारा यहीं है."

तिनं नकाशाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग काठी उचलली. नेम नकाशावर होता की माझ्यावर? दोघींत वीतभर अंतर.

"ये? ये तो बेशरम है."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "क्या कहा आपने?"

"बेशरम है. पूरी बेशरम. गाँव में किसी से भी पूछ लो."

सतरंजीवरच्या सगळ्या माना डोलल्या. सगळं गाव साक्षीला. माझे कान तापले. तरी मी पुण्याची, आवाज चढवला नाही. म्हटलं, "अम्मा, मैं यहाँ सरकारी काम से आई हूँ."

"सरकार ही तो लाई है इसको," ती म्हणाली, आणि लोकांकडं वळली. "इसको कोई मुँह नहीं लगाता. काट के फेंक दो, तो जहाँ गिरेगी वहीं फिर खड़ी हो जाएगी. बेशरम."

चौथ्यांदा. मी मोजत होते.

भागवतसाहेबांनी फोनमधून डोकं वर काढलं. "अम्मा, तमीज़ से बात करो. लेडीज़ अफ़सर हैं."

गेंदाबाई गोंधळली. "तो हम किसको बोल रहे हैं?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं. मग सगळी सतरंजी हसायला लागली. मी घाईघाईनं नकाशा गुंडाळायला लागले, तर तो खालून सुटून पुन्हा उलगडला, हिरवा भाग वर. त्याला ते आणखी हसले. एक म्हातारा उठून, हात जोडून म्हणाला, "मैडम जी, बेशरम तो वो होती है जो..." साहेब म्हणाले, "बस. मीटिंग ख़त्म." माझ्या अब्रूसाठी त्यांनी एवढ्या चपळाईनं काही करावं, हे त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं असेल.

आम्ही गाडीत बसलो. गेंदाबाई गाडीमागं आली. तिनं काचेवर हात ठेवला आणि म्हणाली, "हमारी भैंसें क्या खाएँगी? ये तो बता के जाओ."

मी काच वर केली.

वाटेत ड्रायव्हरनं आरशातून बघत सुरुवात केली, "मैडम, वो अम्मा जो बोल रही थी ना..." मी म्हटलं, "आप गाड़ी चलाइए." बरखेडा येईपर्यंत तो गप्प राहिला. तोंड उघडू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशी आम्ही गप्प केलं, आणि तेही अगदी सभ्यपणे.

घरी आल्यावर मी रडले. सासूबाईंनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि विचारलं, "काय घालून गेली होतीस वं?"

"सलवार कमीज घालून गेले होते, आई."

"ओढणी?"

"होती."

"मग काऊन म्हणलं असन तिनं?" त्या खरोखर विचारात पडल्या. संध्याकाळी अमरावतीला माझ्या नणंदेला फोन गेला. मी आतून ऐकत होते. "नाही ना, ओढणी होती म्हणते."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सभेचं टिपण सांगितलं, मी टाइप केलं. ग्रामीणों ने प्रस्ताव पर सहमति दी. कोई आपत्ति नहीं आई. आपत्ति म्हणजे हिंदीत हरकत. एक महिला, गेंदाबाई, ने अधिकारी के प्रति अपशब्द का प्रयोग किया. खाली त्यांची सही, माझी सही. ती सही करताना मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? तिचं नाव कागदावर अपशब्दाशेजारी बघून मला चांगलं वाटलं.

फेब्रुवारीत तार लागली. चौकीदार बसला.

मार्च-एप्रिलची चित्रं आली, आणि काय बघते? पूर्वेचा लाल काठ हिरवा व्हायला लागलेला. दर चित्रात आणखी हिरवा. मी नवा नकाशा केला, जुन्याशेजारी लावला. साहेबांनी तो वर पाठवला. चार इमली या साहेबलोकांच्या वस्तीत राहणाऱ्या एका बड्या अधिकाऱ्यांनी तो बंगल्यावर मागवून घेतला म्हणे, आणि म्हणाले, हे मॉडेल इतर तळ्यांना लावा. कार्यालयात माझं कौतुक झालं. बेशरम म्हणणाऱ्या बाईला आता काय वाटत असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं. खरंच आलं.

नव्या अहवालाला मुखपृष्ठ पाहिजे होतं. मी चौकीदाराला फोन केला, पश्चिमेच्या काठाचा एक चांगला फोटो पाठव. त्यानं पाठवला. माणसापेक्षा उंच, दाट हिरवी झुडपं, त्यावर गुलाबी-जांभळ्या कर्ण्यासारखी फुलं, मागं पाणी. मला एवढा आवडला की मी तो फोनच्या पडद्यावर लावला.

झुडपं. ऐकलंत ना तुम्ही? मी गवताचा अहवाल लिहीत होते आणि फोटोत झुडपं होती. तरी नाही पेटली ट्यूब.

मे महिन्यात एका रविवारी सासूबाई अंगणात कुरडया घालत होत्या आणि मी त्यांना चीक आणून देत होते. माझा फोन खाटेवर पडलेला. तो वाजला, पडदा उजळला, आणि त्या डोकावून म्हणाल्या, "हे बेशरम काऊन लावून ठेवली फोनवर?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आई, संपला ना आता तो विषय."

"कोणता विषय?"

"चार महिने झाले. किती वेळा तेच तेच काढायचं? ओढणी होती म्हणून सांगितलं ना."

त्यांनी सोऱ्या खाली ठेवला. "अवं, मी तुले कुठं म्हणते? या फोटोले म्हणते. हे बेशरम आहे. झाड. आमच्याकडं नाल्याच्या काठानं सारी हेच राहते. कुंपणाले लावतात लोक, कारण जनावर तोंड लावत नाही. तोडून फेकलं त पडल्या जागी फुटते, म्हणून बेशरम."

मी चिकाचं पातेलं हातात धरून उभी. "जनावर तोंड लावत नाही?"

"लावलं त मरते," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढची कुरडई घातली.

ये तो बेशरम है. इसको कोई मुँह नहीं लगाता. काट के फेंक दो, तो फिर खड़ी हो जाएगी. एकेक वाक्य परत ऐकू यायला लागलं, आणि प्रत्येक वाक्य बिनचूक होतं. तीन वर्षांत त्या काठाचं एवढं नेमकं वर्णन माझ्या एकाही पानावर नव्हतं.

आणि मग पूर्वेचा काठ. तो लाल का होता? म्हशी तिथलं गवत खात होत्या म्हणून. ते रोज उगवत होतं आणि रोज पोटात जात होतं. उपग्रहाला काय दिसतं? उरलेलं दिसतं. खाल्लेलं दिसत नाही. जेवण झाल्यावरचं रिकामं ताट बघून या घरात स्वयंपाकच होत नाही म्हणावं, आणि ज्या पातेल्याला कुणी शिवलं नाही ते भरलेलं बघून वाहवा करावी, तसं मी केलं होतं. बरं, यावरचा उपाय मला माहीत नव्हता असंही नाही. चराईच्या जागी जाळीचे पिंजरे ठेवायचे, आत गुरांचं तोंड पोचत नाही, तिथं किती वाढतं ते मोजायचं. मला पाठ होतं. परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं. पण पिंजरे ठेवायचे तर चिखलात उतरावं लागतं.

सोमवारी मी कार्यालयात गेले नाही, गावात गेले. ड्रायव्हर तोच. गाडी तारेशेजारून चालली होती. आत गवत माझ्या कमरेएवढं वाढून पिवळं पडायला लागलेलं, खायला कुणी नाही. मी ड्रायव्हरला विचारलं, "तुम्हें पता था? बेशरम?" तो म्हणाला, "मैडम, सबको पता है." मग गिअर बदलत, "मैं बता रहा था."

गेंदाबाई घरापुढं विळ्यानं काहीतरी कापत बसली होती. जवळ गेल्यावर दिसलं, बेशरमच्या वाळक्या काड्या. चुलीला. अंगणात दोन खुंट होते. एकाला म्हैस बांधलेली, बरगड्या मोजता येतील अशी. दुसऱ्या खुंटाशी दावं गुंडाळून ठेवलेलं.

मला बघून ती उठली नाही, पण खाट दाखवली. मी बसले.

"दूसरी कहाँ है?" मी विचारलं.

"चाँदनी? गई. आज आठवाँ दिन है."

ती सांगत होती आणि काड्या कापत होती. तार लागली तेव्हा घरात भुसा होता, तो महिना-दीड महिना पुरला. मग म्हशी पश्चिमेला नेल्या, कारण दुसरीकडं चौकीदार हाकलायचा. म्हशी आधी नुसत्याच उभ्या राहायच्या. "समझदार होती है भैंस," ती म्हणाली. पण चांदनी गाभण होती, तिला भूक धरवेना. एक दिवस तिनं पाल्याला तोंड लावलं. मग रोजच. पहिल्यांदा पाय कापायला लागले, मग मान. मग ती उठेना. डॉक्टर आला तेव्हा तो म्हणाला, हे खाल्लं कशाला? शेवटचे दोन दिवस गेंदाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पोटातलं रेडकूही गेलं.

मी रडेन असं वाटलं, पण तिथं रडायचा हक्क मला नव्हता. आणि अशा वेळी माणसानं गप्प बसावं की नाही? मी नाही बसले. मी तिला विचारलं, हे ऐकून ठेवा, मी त्या बाईला विचारलं, "अम्मा, आपने उस दिन बताया क्यों नहीं?"

तिनं विळा थांबवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"चार बार बताया."

तिनंही मोजलं होतं.

तिथून मी तडक कार्यालयात आले. पायाला चिखल तसाच, कारण परतताना मी पहिल्यांदा पश्चिमेच्या काठावर उतरले होते. जळवा नव्हत्या. साहेबांना म्हटलं, "साहेब, ते झाड होतं."

"कोणतं झाड?"

"बेशरम."

साहेब चष्मा काढून पुसायला लागले. "हां, असतं ना. ग्वाल्हेरला आमच्या कॉलेजच्या मागं जंगल होतं त्याचं."

"तुम्हाला माहीत होतं? मग सभेत बोलला का नाहीत?"

"अगं, बाई एवढ्या तावात बोलून राहिली होती, मला वाटलं तुलाच म्हणते. वरून तू पण चिडून गेलीस. मी म्हटलं, ही शास्त्रज्ञ आहे, झाड असतं तर हिला समजलं असतं."

मी तार काढा म्हटलं. आज काढा, त्या बाईची एक म्हैस अजून उभी आहे. साहेबांनी फाइल उघडली, सभेचं टिपण काढलं, आणि त्यावर बोट ठेवलं. "हे बघ. गावाची सहमती आहे. आपत्ती एकही नाही. आहे ती फक्त शिवी. आता मी वर काय लिहू? शिवीवर तार नाही निघत."

"ती शिवी नव्हती साहेब. ती आपत्तीच होती."

"मग तसं लेखी आण. तिच्या सहीचं. मी आजच पुढं पाठवून देतो."

आली का पंचाईत? ज्या बाईचं नाव मी आनंदानं अपशब्दाशेजारी टाइप केलं होतं, तिच्याकडून आता मला लिहून घ्यायचं होतं की तिनं मला बेशरम म्हटलं नव्हतं. सगळ्या भोपाळात असं प्रमाणपत्र मागायला निघालेली मी पहिलीच असेन. घरी सासूबाईंना सांगितलं. त्या उठून आत गेल्या. मग वाटीभर कुरडया डब्यात भरून म्हणाल्या, "हे दे तिले." आणि मग, "नको, राहू दे. कोणत्या तोंडानं देशील?"

मी कागद घेऊन परत गेले. गेंदाबाई म्हशीला कुठूनसा आणलेला मूठभर हिरवा चारा घालत होती. कुठून, ते मी विचारलं नाही. तारेशेजारच्या चौकीदारानंही विचारलं नसावं. मी तिला सगळं सांगितलं. हे लिहून दिलं की तिचं बोलणं आपत्ती म्हणून धरलं जाईल आणि तार निघेल. लवकर निघेल असं म्हणायचा धीर झाला नाही. शेवटी ती निघायला पंधरा दिवस लागले. म्हैस तोवर टिकली. दूध मात्र आटलं ते आटलंच.

"पढ़ो," ती म्हणाली.

मी वाचलं. "मैं, गेंदाबाई, यह लिखकर देती हूँ कि उस दिन सभा में मैंने मैडम को बेशरम नहीं कहा था. पश्चिम किनारे की झाड़ी को कहा था, जिसे जानवर नहीं खाते."

"फिर से पढ़ो."

मी परत वाचलं. ती मान खाली घालून, एकेक शब्द चाचपत असल्यासारखी ऐकत होती. मग तिनं कागदावर बोट ठेवलं.

"इसमें 'उस दिन' लिखा है ना?"

"हाँ अम्मा. उस दिन सभा में."

"फिर ठीक है," ती म्हणाली. "उस दिन तो नहीं कहा था." पेन मागितलं, आणि सावकाश, प्रत्येक अक्षरावर रेघ ओढत सही केली.

कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, पेन उघडलं. म्हणाले, "हे 'उस दिन' कशाला घातलंस? काढून टाकू. फालतू आहे."

मी म्हटलं, नको साहेब, ते काढलं तर तिची सही खोटी होईल.